शेअर्ड इंटरप्टवर नेटवर्क ड्रायव्हर: हँडलरने ‘माझा’ कधी म्हणायचं आणि ‘माझा नाही’ कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एफपीजीएवर (आतलं सर्किट आपणच ठरवतो अशी चिप) बनवलेल्या पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिलाय. इंटरप्ट, म्हणजे कार्डाने सीपीयूला दिलेला इशारा, आयआरक्यू १६ वर येतो आणि त्याच लाइनवर यूएसबी कंट्रोलरही बसलाय. ट्रॅफिक सुरू केल्यावर काही वेळाने कर्नलच्या लॉगमध्ये ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ आणि पाठोपाठ ‘डिसेबलिंग आयआरक्यू #१६’ असं येतं. मग नेटवर्क रेंगाळतं आणि यूएसबी कीबोर्डही. कुणीतरी सुचवलं म्हणून हँडलरमधून (इंटरप्ट आला की कर्नल चालवतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) कायम आयआरक्यू_हँडल्ड, म्हणजे ‘माझा’, परत करून बघितलं, तर मेसेज गेला, पण एक सीपीयू कोअर १०० टक्क्यांवर अडकला. हँडलर स्टेटस रजिस्टर वाचतो, रिसीव्ह किंवा ट्रान्समिटचा बिट दिसला तर नॅपी (पॅकेट नंतर गठ्ठ्याने उपसायची कर्नलची सोय) शेड्यूल करतो, नाही दिसला तर आयआरक्यू_नन, म्हणजे ‘माझा नाही’, परत करतो. मग चुकतंय कुठे?

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून सगळ्यात जास्त शक्यता ही की कार्डाच्या इंटरप्ट मास्कमध्ये (कोणत्या कारणांनी इंटरप्ट द्यायचा ते ठरवणारं रजिस्टर) असं एखादं कारण उघडं आहे, जे तुमचा हँडलर बघतच नाही. अशा कार्डांवर ते बहुतेक वेळा लिंक बदलल्याचं किंवा रिसीव्ह फिफो (आलेली पॅकेट थांबतात ती रांग) भरून वाहिल्याचं असतं. त्रास ट्रॅफिकनंतर सुरू होतो, म्हणून माझा संशय फिफोवर जास्त आहे. तो बिट वर आला की कार्ड लाइन ओढून धरतं. हँडलर फक्त आरएक्स (रिसीव्ह) आणि टीएक्स (ट्रान्समिट) बघतो, काही सापडत नाही, ‘माझा नाही’ म्हणतो आणि बाहेर पडतो. बिट कुणीच पुसलेला नसतो, त्यामुळे लाइन तशीच ओढलेली राहते आणि कर्नल त्याच क्षणी पुन्हा हँडलरमध्ये शिरतो.

हे असं का होतं ते नीट बघू, कारण दुरुस्ती एका ओळीची असली तरी शेअर्ड लाइनवर याच जातीचे आणखी चार-पाच सापळे आहेत आणि ते एकामागून एक तुमच्या वाट्याला येतील.

पीसीआयची आयएनटीए ते आयएनटीडी या चार लाइन लेव्हल-ट्रिगर्ड आहेत (लाइन ओढलेली आहे तोवर इंटरप्ट कायम), ॲक्टिव्ह लो आणि ओपन ड्रेन. म्हणजे अनेक डिव्हाइस एकच तार खाली ओढू शकतात आणि त्यातलं एक जरी ओढत असेल तरी तार खालीच राहते. पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्यक्ष तार नसते. तिच्या जागी ‘असर्ट’ आणि ‘डीॲसर्ट’ असे दोन मेसेज जातात, पण वागणूक तीच ठेवली आहे. जुन्या आयएसए बसवर इंटरप्ट एज-ट्रिगर्ड होते (पातळी बदलते त्या क्षणीच इशारा). दोन कार्डं एकाच वेळी बोलली तर एक एज दुसऱ्यात मिसळून हरवायची, म्हणून तिथे प्रत्येक कार्डाला जंपर लावून वेगळा आयआरक्यू द्यावा लागे. पीसीआयवर शेअरिंग नीट चालतं ते या लेव्हलमुळे: ज्याचं काम राहिलंय त्याने लाइन धरून ठेवायची. पण याचा अर्थ लाइन सोडवण्याची जबाबदारी पूर्णपणे ड्रायव्हरवर येते. कारण पुसलं नाही किंवा मास्क केलं नाही, तर लाइन सुटत नाही.

कर्नलकडे या लाइनवर नोंदवलेल्या हँडलरांची साखळी असते. इंटरप्ट आला की कर्नल त्या साखळीतल्या प्रत्येक हँडलरला हाक मारतो. पहिल्याने ‘माझा’ म्हटलं तरी थांबत नाही, कारण दोन डिव्हाइस एकाच वेळी लाइन ओढत असू शकतात. सगळ्यांची उत्तरं ऑर करून एक निकाल काढला जातो. कुणीही हँडल्ड म्हटलं तर इंटरप्ट हाताळला गेला असं धरतात, सगळ्यांनी नन म्हटलं तर तो बेवारस.

बेवारस इंटरप्टांची गिनती कशी होते हे माहीत असणं फार उपयोगाचं आहे. त्या लाइनवर १,००,००० इंटरप्ट झाले की कर्नल बघतो. त्यातले ९९,९०० हून जास्त बेवारस असतील तर मेसेज छापून लाइन बंद करतो. शिवाय दोन बेवारस इंटरप्टांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त अंतर पडलं, तर बेवारसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून कधीमधी एखाद-दुसरं आयआरक्यू_नन गेलं तर काहीही बिघडत नाही. ही यंत्रणा फक्त वादळ ओळखण्यासाठी आहे.

आता यातला बारकावा बघा. एक लाख इंटरप्टांमध्ये शंभर जरी कुणी खरोखर हाताळले तरी कर्नल गप्प राहतो. म्हणजे तुमचं कार्ड लाइन धरून बसलंय, वादळ चालू आहे, पण शेजारचा यूएसबी कंट्रोलर किंवा तुमचंच आरएक्स अधूनमधून ‘माझा’ म्हणतंय, तर मेसेज येणार नाही. सीपीयू मात्र जळत राहील. ‘माझा’ म्हणणारे बाकी सगळे शांत झाले की मगच कर्नलला वादळ दिसतं. तुमच्या लॉगमधल्या मेसेजची वेळ तपासा. तो ट्रॅफिक जोरात असताना न येता ओसरल्यावर आलेला असेल, तर माझ्या निदानाला ते पूरक आहे. असे दोष ‘कधी येतो, कधी येत नाही’ वाटतात त्याचं कारण हेच.

लाइन बंद झाल्यावर यूएसबी आणि नेटवर्क पूर्ण मरत नाहीत, रेंगाळतात, याचंही कारण इथेच आहे. अशी बंद केलेली लाइन कर्नल टायमर लावून सेकंदाला दहा वेळा स्वतः तपासतो आणि हँडलरांना हाक मारतो. म्हणून पिंगला उत्तर येतं, पण शंभर मिलिसेकंदांपर्यंतच्या उशिराने. पिंगमध्ये असे आकडे अचानक दिसायला लागले तर नेटवर्क तपासण्याआधी लॉग तपासा. आणि मेसेजमध्ये कर्नल ‘आयआरक्यूपोल’ हा बूट पर्याय सुचवतो, तो उपाय म्हणून लावू नका. त्याने बेवारस इंटरप्टवर इतर लाइनींचे हँडलरही चालवून बघितले जातात. चुकीचं राउटिंग सांगणाऱ्या बायोसवर तो तात्पुरता आधार ठरतो. तुमचं राउटिंग बरोबर आहे, दोष हँडलरमध्ये आहे.

कायम आयआरक्यू_हँडल्ड परत करण्याचा सल्ला का घातक, हे आता उघड आहे. वादळ तसंच राहिलं, फक्त ते ओळखणारी यंत्रणा तुम्ही बंद पाडलीत. आधी कर्नल लाइन तोडून निदान मशीन वाचवत होता. आता एक कोअर हँडलरमध्येच फिरत राहतो. आणि त्याच लाइनवर उद्या दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर बिघडला तरी त्याचं वादळही तुमच्या खोट्या ‘माझा’मुळे झाकलं जाईल. शेअर्ड लाइनवर खोटं उत्तर देणारा हँडलर स्वतःपुरता चुकत नाही, सगळ्यांना फसवतो. हे मी फार गांभीर्याने म्हणतोय. प्रॉडक्शनमध्ये गेलेला असा हँडलर शोधून काढणं अतिशय कठीण जातं, कारण लक्षणं नेहमी दुसऱ्याच डिव्हाइसवर दिसतात.

मग हँडलर कसा असावा? पहिली ओळ स्टेटस वाचण्याची. वाचलेली किंमत सगळे बिट १ अशी आली, तर कार्ड बसवर नाही, पॉवर-डाउन आहे किंवा बसवर मोठी चूक झालीय. काहीही न लिहिता आयआरक्यू_नन. ही तपासणी विसरली तर ‘सगळी कारणं एकदम आली’ असं समजून ड्रायव्हर नसलेल्या कार्डाच्या रिंगा (मेमरीतल्या पॅकेटांच्या रांगा) उपसायला लागतो. त्यानंतर स्टेटसचा सध्या उघड्या असलेल्या मास्कशी अँड करायचा (दोन्हीकडे १ असलेले बिटच ठेवायचे). उत्तर शून्य असेल तर आयआरक्यू_नन. शून्य नसेल तर त्यातले जे बिट दिसले नेमके तेच ॲक करायचे (‘पोचलं’ असं कार्डाला सांगून पुसायचे), मग काम पुढे ढकलायचं आणि आयआरक्यू_हँडल्ड. तुमची चूक या अँडमध्ये आहे. तुम्ही ‘मला रस असलेले बिट’ बघताय. बघायला हवेत ‘मी मास्कमध्ये उघडलेले बिट’. हे दोन संच वेगळे पडले की वादळ आलंच. म्हणून मास्कची किंमत आणि हँडलरमधली तपासणी एकाच व्याख्येतून यायला हवी, दोन ठिकाणी हाताने लिहिलेली नको. लिंक बदलल्याचा बिट उघडलात तर हँडलरमध्ये तो पुसायचा आणि त्याचं काम करायचं; करायचं नसेल तर मास्कमध्ये उघडायचा नाही.

कर्नलमधले जुने ड्रायव्हर या बाबतीत वाचण्यासारखे आहेत. रिअलटेक ८१३९ चा ‘८१३९टू’ घ्या. त्याचा हँडलर १६ बिटांचं स्टेटस वाचतो, स्वतःच्या मास्कशी ताडून बघतो, शून्य आलं तर तिथूनच बाहेर. मग सगळे बिट १ आहेत का, आणि इंटरफेस चालू तरी आहे का, हे बघतो; चालू नसेल तर मास्कमध्ये शून्य लिहून बाहेर पडतो. कार्ड नाहीसं झाल्याच्या प्रसंगी मात्र हा ड्रायव्हर हँडल्ड म्हणतो आणि त्याचाच नवा भाऊबंद ‘आर८१६९’ नन म्हणतो. मला दुसरं बरोबर वाटतं: नसलेल्या कार्डाने लाइन ओढली असं म्हणायला आधार नाही.

इंटेलच्या ‘ई१०००’ कार्डांची गंमत वेगळी. तिथलं आयसीआर रजिस्टर वाचलं की आपोआप पुसलं जातं, वेगळं ॲक लागत नाही. सोयीचं आहे, पण जबाबदारीही वाढते: एकदा वाचलं की ती माहिती फक्त तुमच्या हातात उरते, म्हणून वाचून फेकून देता येत नाही. नंतरच्या ‘ई१०००ई’ कुटुंबात सगळ्यात वरचा, म्हणजे ३१ वा बिट सांगतो की इंटरप्ट खरोखर या कार्डाने दिला होता का. तो नसेल तर ड्रायव्हर थेट आयआरक्यू_नन म्हणतो. तुमचं एफपीजीए तुमच्याच हातात आहे. असा एक बिट, ‘स्टेटस अँड मास्क शून्य नाही’ एवढंच सांगणारा, हार्डवेअरमध्येच द्या. हँडलरला एका वाचनात अचूक उत्तर मिळेल.

ॲक करताना ‘दिसले तेच बिट’ यावर मी जोर देतोय त्याचं कारण: १ लिहून पुसायच्या रजिस्टरमध्ये सरसकट सगळे बिट लिहिलेत, तर वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत आलेलं नवं कारणही पुसलं जातं. नेटवर्क कार्डावर याचा अर्थ एक पॅकेट रिंगमध्ये पडून राहणार आणि पुढचं पॅकेट येईपर्यंत कुणाला कळणार नाही.

आणखी एक, पोस्टेड राइट. मास्क किंवा ॲक लिहिलं म्हणजे ते लगेच कार्डापर्यंत पोचलं असं नाही. पीसीआयवर लिहिणं वाटेतल्या ब्रिजमध्ये थांबू शकतं. हँडलर संपला, लाइन अजून खालीच, तर इंटरप्ट पुन्हा येतो आणि या वेळी खरोखर काहीच सापडत नाही. त्याच कार्डाचं एखादं रजिस्टर वाचलं की आधीचं लिहिणं पुढे ढकललं जातं. ८१३९टू मास्क लिहिताना नेमकं हेच करतो. पण प्रत्येक वाचनाला किंमत आहे, पीसीआय एक्सप्रेसवर साधारण मायक्रोसेकंदाच्या घरातली, म्हणून प्रत्येक लिहिण्यामागे वाचन लावू नका. जिथे लाइन सुटल्याची खात्री हवी तिथेच लावा: हँडलरच्या शेवटी मास्क केल्यावर आणि इंटरफेस बंद करताना.

नॅपी आणि शेअर्ड लाइन यांच्या जोडणीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

नॅपीत हँडलर फक्त कार्डाचा इंटरप्ट मास्क करतो आणि पोल शेड्यूल करतो; पॅकेट उपसायचं काम सॉफ्टआयआरक्यूमध्ये (हँडलरनंतर कर्नल चालवतो तो टप्पा), एका फेरीत सहसा ६४ पॅकेटांच्या मर्यादेत. बजेटपेक्षा कमी काम झालं की नॅपी_कम्प्लीट_डन आणि मग मास्क पुन्हा उघडायचा. स्वतंत्र लाइनवर एक गोष्ट आपोआप मिळते: मास्क केल्यावर हँडलर चालतच नाही. शेअर्ड लाइनवर ती मिळत नाही. तुमचा पोल चालू असताना शेजारच्या यूएसबीने लाइन ओढली की तुमचा हँडलर चालणारच. त्या वेळी स्टेटसमध्ये आरएक्सचा बिट दिसू शकतो, कारण बहुतेक कार्डांवर स्टेटस मास्ककडे न बघता भरतं. हँडलरने तो आपला समजून ॲक केला, तर पोल ज्याची वाट बघत होता तो निरोप हँडलरने मधल्या मध्ये गिळला. नव्या कर्नलमध्ये, २०१७ पासून, आधीच शेड्यूल असलेल्या नॅपीला पुन्हा हाक मारली तर ‘हुकलं’ अशी खूण राहते आणि पोल आणखी एक फेरी मारतो, त्यामुळे पॅकेट अडकत नाही. पण यूएसबीच्या प्रत्येक इंटरप्टमागे नेटवर्कची एक फुकट फेरी, हे काही चांगलं नाही, आणि गिनतीही खोटी होते.

म्हणून अँड करायचा तो ‘या घडीच्या’ मास्कशी. त्याची प्रत ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवा, म्हणजे रजिस्टरचं वाचन वाचतं. नॅपी चालू असताना त्या प्रतीत आरएक्स-टीएक्स शून्य असतील, अँड शून्य येईल, आणि हँडलर प्रामाणिकपणे आयआरक्यू_नन म्हणेल. मात्र ही प्रत हँडलर आणि पोल दोघं बदलतात आणि ते दोन वेगळ्या कोअरवर असू शकतात, म्हणून प्रत आणि रजिस्टर एकाच स्पिनलॉकखाली (मिळेपर्यंत कोअर फिरत राहतो असं कुलूप) बदला. पोलमध्ये लॉक घेताना इंटरप्ट बंद करणारा प्रकार वापरा, स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह. नाहीतर लॉक हातात असताना त्याच कोअरवर शेजाऱ्याचा इंटरप्ट येईल, तुमचा हँडलर तोच लॉक मागेल आणि कोअर तिथेच गोठेल. लेखकाला वाटतं ‘मी तर माझा इंटरप्ट मास्क केलाय, हँडलर येईलच कसा’. शेअर्ड लाइनवर तो येतो.

पोलच्या शेवटीही एक फट आहे. रिंग रिकामी दिसली आणि मास्क उघडला, त्या मधल्या क्षणात पॅकेट आलं तर? कार्ड लेव्हल पद्धतीचं असेल, म्हणजे बिट टिकून राहत असेल, तर मास्क उघडताच इंटरप्ट येईल, काळजी नाही. तुमच्या कोअरमध्ये मास्क असताना आलेली घटना नोंदवलीच जात नसेल, तर मास्क उघडल्यावर रिंग एकदा पुन्हा बघावी लागेल आणि काही असलं तर नॅपी पुन्हा शेड्यूल करावं लागेल. एफपीजीए बदलता येत असेल तर पहिली पद्धत घ्या. पोलमध्ये आरएक्सचा बिट पुसत असाल तर तो रिंग वाचायच्या आधी पुसा, नंतर नव्हे.

इंटरफेस उघडण्याचा आणि मिटवण्याचा क्रम. रिक्वेस्ट_आयआरक्यू केल्याच्या पुढच्या क्षणी हँडलर चालू शकतो, तुमचं कार्ड गप्प असलं तरी. म्हणून हँडलर ज्या कशाला हात लावतो ते सगळं, रजिस्टरांचं मॅपिंग, लॉक, मास्कची प्रत, त्याआधी तयार हवं. त्याहून आधी कार्डाचा मास्क शून्य करून शिल्लक स्टेटस पुसून घ्या. बायोसने, किंवा केडंपमध्ये (क्रॅशची नोंद घ्यायला दुसरा कर्नल सुरू होतो तेव्हा) क्रॅश झालेल्या आधीच्या कर्नलने, कार्ड चालू अवस्थेत तुमच्या हाती दिलेलं असू शकतं. मास्क उघडायचा सगळ्यात शेवटी. मिटवताना उलट: नॅपी थांबवा, मास्क शून्य करा, वाचन करून ते पोचवा, फ्री_आयआरक्यू करा आणि मगच रिंगांची मेमरी सोडा. फ्री_आयआरक्यू चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतो, म्हणून हा क्रम सुरक्षित आहे. स्वतंत्र लाइनवर मेमरी आधी सोडली तरी बऱ्याचदा निभावून जातं. शेअर्ड लाइनवर एक दिवस कर्नल कोसळतो.

रिक्वेस्ट_आयआरक्यूला दिलेला शेवटचा पॉइंटर प्रत्येक कार्डाचा वेगळा हवा. आयआरक्यूएफ_शेअर्ड दिलं आणि तिथे नल ठेवला तर कर्नल नोंदणीच नाकारतो, कारण फ्री_आयआरक्यू साखळीतली नेमकी कडी याच पॉइंटरवरून ओळखतो. लाइनवरच्या सगळ्यांचा शेअर्ड फ्लॅग आणि ट्रिगरचा प्रकार जुळायला लागतो. जुळला नाही तर ‘फ्लॅग्ज मिसमॅच’ असा मेसेज आणि ईबिझी हा चुकीचा कोड परत येतो.

डिसेबल_आयआरक्यू शेअर्ड लाइनवर वापरू नका. ते तुमच्या कार्डाचा इंटरप्ट बंद करत नाही, लाइनच बंद करतं. तुम्ही रिसेट करत असताना यूएसबी, कधी डिस्क कंट्रोलरसुद्धा, मुका होतो. स्वतःचा आवाज बंद करायचा तर कार्डाचा मास्क आणि त्यानंतर सिंक्रोनाइझ_आयआरक्यू, जे चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं. कर्नलमध्ये नेटकन्सोलसाठीच्या (लॉग नेटवर्कवरून पाठवायची सोय) पोल फंक्शनमध्ये काही जुने ड्रायव्हर डिसेबल_आयआरक्यू करून हँडलर थेट चालवतात, ते बघून नक्कल कराल म्हणून सांगून ठेवतो. नॅपी असलेल्या नव्या ड्रायव्हरला तसं फंक्शन लिहायची गरजच पडत नाही.

पॉवर मॅनेजमेंटमध्ये हाच सापळा पुन्हा येतो. रनटाइम सस्पेंडने कार्ड डी३ या झोपेच्या अवस्थेत गेलं, पण हँडलर साखळीत आहे आणि शेजारी जागा आहे. पीसीआयवर अशा कार्डाचं वाचन सगळे बिट १ देईल आणि वरची तपासणी तुम्हाला वाचवेल. एआरएमच्या सिस्टम-ऑन-चिपवर मात्र घड्याळ बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं तर बसच अडकू शकते. म्हणून सस्पेंडमध्ये मास्क करा, सिंक्रोनाइझ करा आणि ‘झोपलंय’ असा फ्लॅग लावा. हँडलरने रजिस्टरला हात लावायच्या आधी तो बघायचा.

थ्रेडेड इंटरप्ट (हँडलरचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये) वापरत असाल, किंवा प्रीएम्प्ट-आरटी या रिअल-टाइम प्रकारावर जाणार असाल (२०२४ च्या ६.१२ पासून ते मुख्य कर्नलमध्ये आहे), तर लक्षात ठेवा की आयआरक्यूएफ_वनशॉट असलेल्या शेअर्ड लाइनवर सगळे थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क राहते. एकाचा हळू थ्रेड सगळ्यांना थांबवतो. चार पोर्टच्या इथरनेट फाय (तारेवरचे सिग्नल सांभाळणारी) चिपमध्ये बऱ्याचदा चारही पोर्ट एकाच इंटरप्ट पिनवर असतात आणि त्यांचं स्टेटस हळू एमडीआयओ बसवरून वाचावं लागतं. तिथे कर्नलची फाय लायब्ररी वनशॉट आणि शेअर्ड दोन्ही फ्लॅग लावते. त्याच पिनवर आणखी काही जोडणार असाल तर त्याचाही वनशॉट जुळायला हवा.

आता तुम्ही नक्की विचाराल: एमएसआय का नको? हवंच. तुमच्या एफपीजीएच्या पीसीआय एक्सप्रेस ब्लॉकमध्ये एमएसआयची सोय असण्याची दाट शक्यता आहे. एमएसआय म्हणजे कार्डाने ठरलेल्या पत्त्यावर केलेलं मेमरी राइट. त्यात शेजारी नाही, साखळी नाही, आणि एमएसआय-एक्समध्ये तर २,०४८ पर्यंत व्हेक्टर, म्हणजे प्रत्येक क्यूला स्वतःचा. पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्सला सगळे प्रकार चालतील असं सांगा, कर्नल उपलब्ध असलेला सर्वोत्तम देईल, आणि नंबर पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टरकडून घ्या. मेमरी राइट असल्यामुळे आधी पीसीआय_सेट_मास्टर हवं. ते राहिलं तर एकही इंटरप्ट येत नाही.

पण हँडलर न सुधारता नुसतं एमएसआयवर गेलात तर दोष जाणार नाही, फक्त तोंड बदलेल. एमएसआय एजसारखं वागतं. बऱ्याच कार्डांमध्ये ‘स्टेटस अँड मास्क’ शून्यावरून वर गेलं तेव्हाच मेसेज निघतो. तुम्ही न पुसलेला फिफोचा बिट तिथे अडकून राहिला, तर ती किंमत पुन्हा शून्यावर येतच नाही आणि पुढचा मेसेजही निघत नाही. आज तुम्हाला वादळ दिसतंय, तेव्हा मुकाट बंद पडलेलं नेटवर्क दिसेल, लॉगमध्ये एक ओळही नाही. म्हणून आधी आयएनटीएक्सवर (म्हणजे वरच्या आयएनटीए ते आयएनटीडी लाइनवर) हँडलर बरोबर करा. शिवाय ड्रायव्हरला आयएनटीएक्सचा मार्ग ठेवावाच लागतो. जुनी औद्योगिक मदरबोर्ड, काही व्हर्च्युअल मशीन तिथेच येऊन थांबतात.

सरावासाठी वेगळं हार्डवेअर लागत नाही. क्यूईएमयू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या जुन्या पीसी मशीनमध्ये स्लॉट ३ वर ई१००० आणि स्लॉट ७ वर आरटीएल८१३९ लावा. या मशीनमध्ये स्लॉटनुसार इंटरप्ट लाइन चारच्या चक्रात फिरतात, त्यामुळे चारच्या अंतरावरचे दोन स्लॉट एकाच लाइनवर येतात, आणि ही दोन्ही कार्डं एमएसआय देत नाहीत. पाहुण्या मशीनमध्ये /प्रॉक/इंटरप्ट्स उघडलंत की एकाच ओळीत दोन्ही नावं दिसतील. मग एका कार्डावर भरपूर ट्रॅफिक सोडा आणि दुसरं सतत खाली-वर करत राहा. तुमच्या खऱ्या मशीनवर हेच यूएसबीने करता येईल: त्या कंट्रोलरवर डिस्क लावून मोठी कॉपी चालू ठेवायची आणि त्याच वेळी तुमचा इंटरफेस उघड-मीट करायचा. कर्नल कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू लावून बांधा. त्यात फ्री_आयआरक्यूच्या वेळी तुमचा हँडलर मुद्दाम एकदा जास्त चालवला जातो, आणि आधी सोडलेल्या मेमरीला हात लावणारा क्रम लगेच उघडा पडतो.

पण आज सगळ्यात आधी एकच करा. आयआरक्यू_नन परत करण्याच्या ओळीआधी, स्टेटसची कच्ची किंमत आणि मास्कची किंमत, रेटलिमिटेड (ठरावीक वेगापुढे न छापणाऱ्या) प्रिंटने छापा. मेसेज यायच्या आधीच्या ओळींमध्ये दोन्हीकडे १ असलेला पण हँडलरने न बघितलेला बिट दिसला, तर दोष सापडला. दोन्हींचा अँड सातत्याने शून्य असूनही /प्रॉक/आयआरक्यू/१६/स्प्युरियसमधला ‘अनहँडल्ड’चा आकडा भराभर चढत असेल, तर दोन शक्यता उरतात: लाइन दुसरंच कुणी ओढतंय, किंवा तुमच्या एफपीजीएमध्ये ‘डीॲसर्ट’ मेसेज पाठवणारं लॉजिक चुकतंय. कार्डाच्या पीसीआय कमांड रजिस्टरमधला १० वा बिट आयएनटीएक्स बंद करतो. तो लावल्यावर वादळ थांबलं तर तुमचं कार्ड, नाही थांबलं तर शेजारी.